सासूबाईंचा गुडघा आणि सिसिलीची देवळं

माझ्या सासूबाईंचा उजवा गुडघा फक्त देवळांसमोर दुखतो, हा शोध मला सिसिलीत पाचव्या दिवशी लागला. तोवर बाम चोळून झाला होता, पट्टा बांधून झाला होता, झोपताना गुडघ्याखाली उशी ठेवून झाली होती. नवरा "असू दे गं, वय झालंय तिचं" म्हणत होता. मी मात्र आतल्या आत धुमसत होते, कारण ही सगळी सहल त्यांच्यासाठी होती. माझ्यासाठी नव्हे, नवऱ्यासाठी नव्हे, आमच्या आठ वर्षांच्या लेकीसाठी तर नव्हेच. तिला फ्लोरिडाला जायचं होतं आणि ते ती रोज एकदा ऐकवत होती.

ही २००७ सालातली गोष्ट. आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहत होतो. नवरा चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात, मी तिथून दहा मैलांवर सॉफ्टवेअर तपासण्याच्या कामात. अमेरिकेत येऊन सात वर्षं झाली होती आणि त्या सात वर्षांत आम्ही भारत सोडून कुठेही गेलो नव्हतो. व्हिसावरच्या माणसाने देशाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे परत येताना पासपोर्टवर शिक्का मिळतो की नाही ही धाकधूक. आईवडिलांना भेटण्यासाठी ती सोसायची, हवापालट म्हणून कोण सोसणार? मग एकदाचं ग्रीन कार्ड आलं, आणि त्याच आठवड्यात मी जाहीर केलं की उन्हाळ्याआधी सासूबाई येतायत, तर त्यांना घेऊन आपण सिसिलीला जायचं.

सासूबाईंनी सांगलीच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. त्यांच्या वेळच्या पुस्तकात ग्रीकांच्या धड्यात एका देवळाचा फोटो होता, खांब कुठला आणि सांडलेली शाई कुठली हे कळू नये असा. त्या मुलांना सांगायच्या की ग्रीकांची धडधाकट उभी असलेली देवळं बघायची तर नुसतं ग्रीसला जाऊन भागत नाही, या बेटावर जावं लागतं. हे मला कळलं ते त्यांच्या आधीच्या खेपेला. मी त्यांना आमच्या बँकेत घेऊन गेले होते. बँकेला पुढच्या बाजूला चार पांढरे खांब आहेत. सासूबाई एका खांबाजवळ गेल्या, बोटाने त्यावर टकटक केलं, तर आत पोकळ. "खोटा आहे गं," म्हणाल्या. मग गाडीत बसून पट्टा लावता लावता म्हणाल्या, "खरे एकदा बघायला मिळाले असते तर." त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं लग्नानंतरच्या दहा वर्षांत मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. ते माझ्या मनात रुतून बसलं.

सिसिलीचं नाव काढल्यावर आमच्या मराठी मंडळातल्या लोकांनी मला वेड्यात काढलं. सासू आली की ग्रँड कॅन्यन दाखवायचं, व्हेगास दाखवायचं, आउटलेट मॉलमधून दोन बॅगा भरून द्यायच्या, हा आमच्याकडचा ठरलेला कुळाचार. एक काका म्हणाले, "अगं, व्हेगासला एका रस्त्यावर रोम आहे, पॅरिस आहे, इजिप्त आहे. आणि सगळं एसीत! कशाला यार एवढा खटाटोप?" मी म्हटलं, "काका, तिथलेही खांब पोकळच असणार." काकांना काही कळलं नाही, पण काकूंनी मला बटाटेवडे वाढता वाढता वेगळ्याच नजरेने पाहिलं.

सासूबाई युरोपचा व्हिसा मुंबईहूनच घेऊन आल्या होत्या. आम्हा तिघांच्या व्हिसासाठी लॉस एंजेलिसच्या कचेरीत जायचं, सहा तास जायला आणि सहा तास यायला. तेही दोनदा, कारण पहिल्या वेळी लेकीने फोटोत जीभ बाहेर काढलेली आम्हा दोघांनाही दिसली नव्हती. वर्षाच्या दोन आठवड्यांच्या रजेतला एक आठवडा मी या सहलीला वाहिला, म्हणजे त्या वर्षी माझ्या आईकडे नागपूरला जाणं रद्द. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं नाही की ते आत साठत जातं, असा माझा स्वभाव आहे.

सासूबाई यायच्या आधी फोनवर त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "तिथे चपला काढायला लागतात का गं?"

"आई, अडीच हजार वर्षांपूर्वीची देवळं आहेत. छप्पर नाही, मूर्ती नाही, पूजा नाही. देव केव्हाच गेला तिथला."

"देव गेला असेल. जागा तर त्याचीच ना," त्या म्हणाल्या.

तेव्हा मी हसले होते.

सासूबाई तशा कर्मठ वगैरे अजिबात नाहीत. उपास करत नाहीत, कोणाच्याही हातचं खातात. पण सुतकाच्या बाबतीत एकदम काटेकोर. आधीच्या खेपेला कोणी लांबचे चुलत दीर गेले आणि नेमका मंडळाचा गणपती आला. आमचा गणपती बसतो एका शाळेच्या कॅफेटेरियात, मागे पिझ्झाच्या जाहिरातींचे फलक, वर बास्केटबॉलचं वेळापत्रक. सासूबाई आमच्याबरोबर आल्या खऱ्या, पण आत पाऊल टाकलं नाही. ॲरिझोनाच्या त्या उन्हात पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावून दीड तास बसून राहिल्या. "आई, ती शाळेची खानावळ आहे, उद्या मुलं तिथे जेवायला बसतील," मी म्हटलं. "उद्या मुलं बसतील," त्या म्हणाल्या, "आज देव बसलाय."

हे सगळं सांगायचं कारण असं की निघायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मला ऑफिसात नवऱ्याचा फोन आला. "काकू गेली."

काकू म्हणजे सासूबाईंच्या मोठ्या जाऊबाई. सांगलीला दुपारी जेवून झोपल्या त्या उठल्याच नाहीत. पुण्याहून नणंदेने नवऱ्याला ऑफिसात फोन करून कळवलं होतं. आम्हा सगळ्यांना दहा दिवसांचं सुतक. म्हणजे सासूबाई सिसिलीला येणार नाहीत, आणि आल्याच तर देवळांच्या पायरीला पाय लावणार नाहीत. तिथे देव असो वा नसो.

"ताई म्हणतेय, आईला आत्ता सांगू नका," नवरा म्हणाला. "ऐकल्याशिवाय सुतक लागत नाही म्हणे. परत आल्यावर सांगू."

"आणि तुझ्या चुलतभावाने घरी फोन केला तर?"

"ताईने घेतलंय सगळ्यांना कळवायचं काम. तो नाही करणार."

 मग म्हणाला, "कॅन्सल करायचं का गं?"

आता हे कबूल करायला हवं, की ठरवलं मी. मी म्हटलं, कॅन्सल करून आपण सांगलीला पोचणार आहोत का? नाही. मग त्या इथे चँडलरच्या सोफ्यावर बसून दहा दिवस काढणार, तिकडे देवळं राहणार, व्हिसाची मुदत संपणार, आणि पुढच्या वर्षी त्या सत्तरीच्या होतील. शिवाय दोघी जावांचं कधी पटलं नाही हे जगजाहीर होतं. बत्तीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली आणि बत्तीस वर्षं आमटीत गूळ घालायचा की नाही यावर एकमत झालं नाही. काकूंचं पत्र आलं की सासूबाई वाचून म्हणायच्या, "हिचं शुद्धलेखन काही सुधारत नाही." मला वाटलं, आठ दिवस उशिरा कळलं म्हणून काही बिघडत नाही. तसं मी म्हटलंही. नवरा म्हणाला, "बरं."

संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई बॅगेपाशी बसल्या होत्या. डोळे लाल होते, पण त्या दिवसांत चँडलरमध्ये कोणाचे नव्हते? पालो वर्दे नावाचं आमच्याकडचं झाड त्या सुमाराला पिवळंधमक फुलतं आणि गावभर सगळे शिंकत फिरतात. मी त्यांना ॲलर्जीची गोळी दिली. त्यांनी मुकाट्याने घेतली. मग म्हणाल्या, "अगं, तिकिटं रद्द करता येतात का?"

माझा दिवसभराचा सगळा ताण त्या एका प्रश्नावर फुटला. "आई, आता नाही म्हणालात ना, तर मी इथेच फतकल मारून बसेन! तीन महिने राबतेय मी यासाठी!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नाही गं. सहज विचारलं," म्हणाल्या, आणि दशम्यांचा डबा बॅगेत नीट बसवायला लागल्या.

सिसिली सुंदर आहे, असं सगळे म्हणतात. असेल. मी ती रागाच्या काचेतून पाहिली. पालेर्मोला उतरल्याउतरल्या कळलं की भाड्याची गाडी गिअरची आहे. माझा नवरा पुण्यात सात वर्षं गिअरची गाडी चालवत होता, पण अमेरिकेने त्याचा डावा पाय निकामी करून टाकला होता. प्रत्येक चढावर गाडी बंद पडायची आणि मागचा माणूस हॉर्न वाजवून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस करायचा. दुपारी एक ते चार अख्खं बेट दार लावून झोपायचं. भाजी म्हणून जे यायचं त्याच्या तळाशी मासा निघायचा. मेतकूट-भातावर आठवडा काढायला मी समुद्र ओलांडून आले होते का?

पहिल्या संध्याकाळी खोलीत सामान लावताना मी सासूबाईंचा देवांचा डबा शोधत होते. बोटाएवढा पितळी बाळकृष्ण, तो त्या एसटीने कोल्हापूरला गेल्या तरी बरोबर नेतात. डबा नव्हता. "राहिला गं घरी," त्या म्हणाल्या. मी वाती आणल्या होत्या, काडेपेटी विमानात चालत नाही म्हणून इथे येऊन विकत घेतली होती, आणि ज्याच्यासाठी ते सगळं तो चँडलरला ओट्यावरच्या फळीवर. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सेजेस्टा. डोंगराच्या कुशीत एकटंच देऊळ, भोवती हिरवं गवत आणि तांबडी रानफुलं, माणूस नाही, काणूस नाही. गाडीतळापासून चढ आहे, पण फार नाही. सासूबाई फाटकापर्यंत आल्या, वर बघितलं, आणि म्हणाल्या, "गुडघा धरलाय गं माझा. तुम्ही जाऊन या." मला वाईट वाटलं. पहिल्या वेळी मला खरोखर वाईट वाटलं. आम्ही वर जाऊन भराभर फोटो काढले आणि परत आलो, तर त्या फाटकाजवळच्या दगडावर बसून देवळाकडेच बघत होत्या. गावात मी त्यांना आइस्क्रीम खाऊ घालायला नेलं. त्या जन्माच्या गोडखाऊ, श्रीखंडाचं भांडं चमच्याने नव्हे बोटाने पुसणाऱ्या. "नको गं, गोड नको वाटतंय," म्हणाल्या. पिस्त्याचं आइस्क्रीम, आणि नको!

मग अग्रिजेंतो. ज्याच्यासाठी सगळा अट्टहास तो फोटो इथला. टेकडीच्या कण्यावर एकामागून एक देवळं, त्यातलं एक तर जवळजवळ अख्खं. दोन दिवस ठेवले होते मी अग्रिजेंतोला. पहिल्या दिवशी गुडघा. दुसऱ्या दिवशी ऊन. चँडलरला, जिथे मे महिन्यात गाडीच्या चाकाला हात लावला तर चटका बसतो, तिथे रोज सकाळी दोन मैल फिरणाऱ्या बाईला सिसिलीचं ऊन लागलं! तिकीटखिडकीच्या आत थोडं गेल्यावर एका ऑलिव्हच्या झाडाखाली बाक होता. तिथून देऊळ दिसत होतं, हातभर उंचीचं.

"मला इथून छान दिसतंय," त्या म्हणाल्या.

"आई, आपण अर्धं जग ओलांडून आलोय. आता दहा मिनिटं चालायचंय."

"तुम्ही बघून या. फोटो काढा. मी घरी सावकाश बघेन."

मी गेले. दुसरं काय करणार? त्या अख्ख्या देवळापाशी उभी राहिले. खांब फिक्या मधाच्या रंगाचा होता, उन्हाने तापलेला, आणि दगडात शिंपल्यांचे तुकडे दिसत होते. मी त्यावर बोटाने टकटक केलं. घट्ट, भरीव. आवाजच आला नाही. मला इतकं रडू आलं रागाने, की लेकीने विचारलं, "मॉम, इज इट द सन?" त्यांना तिथे उभं करून तो खांब वाजवायला लावायचा, एवढंच तर मला हवं होतं. त्यासाठी आम्ही एक गेलेलं माणूस लपवून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी नवरा कोपऱ्यावरच्या टेलिफोनवरून पुण्याला फोन करायचा, तिकडे काय काय झालं, अस्थी कुठे नेल्या, ते विचारायचा, आणि परत येऊन आईसमोर "ऑफिसला फोन केला" म्हणायचा. एकदा तो बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेले, तर फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून उभा होता. "झालं ना बोलून? चल, वाट बघतायत सगळे," मी म्हटलं. आणि ज्यांच्यासाठी हा खोटेपणा चालला होता त्या बाकावर बसून होत्या.

त्याच दुपारी आम्ही तिथल्या म्युझियममध्ये गेलो. सासूबाई दोन तास उभ्या होत्या. दोन तास! एकेका मडक्यासमोर थांबून नातीला सांगत होत्या, हा बघ योद्धा, ही बघ त्याची ढाल. गुडघ्याचं नाव नाही. मी नवऱ्याकडे बघितलं. तो मडकं बघत होता.

सिराक्युजला जुनं ग्रीक नाट्यगृह आहे, डोंगर कोरून काढलेलं, उतारावर दगडी पायऱ्यांच्या रांगाच रांगा. पाचव्या दिवशी सकाळी सासूबाई साडीचा पदर खोचून तळापासून पार वरच्या ओळीपर्यंत चढून गेल्या. मी अर्ध्यावर धापा टाकत होते आणि त्या वरून हात हलवत होत्या. आणि त्यानंतर तासाभराने आम्ही गावातल्या मोठ्या चर्चपाशी आलो. ते मूळचं देऊळच आहे, ग्रीक खांब तसेच ठेवून मधे भिंती बांधून काढल्यात. मी ते मोठ्या उत्साहाने सांगितलं. दाराला पायऱ्या होत्या मोजून सात-आठ.

"गुडघा..." सासूबाईंनी सुरुवात केली.

मी भर चौकात ओरडले. मराठीत ओरडले, तेवढीच लाज राखली. "पुरे झाला तो गुडघा! नाटकाच्या पायऱ्या चढता येतात, म्युझियममध्ये दोन तास उभं राहता येतं, आणि देऊळ म्हटलं की गुडघा? यायचंच नव्हतं तर सांगायचं तसं! मी माझ्या आईला भेटायला गेले नाही यंदा. कोणासाठी केलं हे सगळं मी?"

कॉफी पिणारी माणसं वळून बघायला लागली. नवऱ्याने माझा दंड धरला.  सासूबाई हळूच म्हणाल्या, "चिडू नकोस गं. बघितलं ना मी. सगळं बघितलं, बाहेरून." आणि चौकातल्या बाकावर जाऊन बसल्या.

त्या रात्री लेक मला म्हणाली, "मॉम, आजी हॅज अ कोल्ड. शी कीप्स ब्लोइंग हर नोज इन द बाथरूम." ती आजीच्या खोलीत झोपायची. मी म्हटलं, "कोल्ड नाही, ॲलर्जी आहे. झोप." सिसिलीत पालो वर्देचं एकही झाड नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी चिडण्यात गुंतलेली होते.

शनिवारी परत आलो. विमानात मी नवऱ्याला पढवून ठेवलं: रविवारी सकाळी चहा झाला की सांगायचं. आणि "रात्री ताईचा फोन आला" असंच सांगायचं, उगाच खरं बोलून त्यांना दुखवायचं नाही. नवरा म्हणाला, "बरं."

रविवारी पहाटे मला जाग आली ती वॉशिंग मशीनच्या धडधडीने. घड्याळात साडेपाच. चरफडत बाहेर आले, तर सासूबाईंनी स्वतःच्या अंथरुणापासून प्रवासातल्या शेवटच्या रुमालापर्यंत सगळं धुवायला टाकलेलं. डोक्यावरून अंघोळ झालेली, ओले केस पाठीवर मोकळे. फळीवर बाळकृष्णाला अंघोळ घालून समोर निरांजन लावलं होतं. मी माझ्या सासूला दहा वर्षं ओळखत होते. सुतक फिटल्यावर बाई काय काय करते हे मला माझ्या आईने शिकवलंय. तरीही मी म्हटलं काय, तर "आई, रविवारी पहाटे कशाला हा उद्योग?"

"जरा चहा टाक," त्या म्हणाल्या.

नवरा उठून आला. आम्ही तिघं टेबलाशी बसलो. त्याने कप हातात धरला आणि पाठ केलेलं बोलायला लागला. "आई, एक वाईट बातमी आहे. काल रात्री ताईचा फोन आला होता. सांगलीची काकू..."

"काल?" सासूबाई म्हणाल्या.

तो थांबला.

"मला निघायच्या आदल्या दिवशीच कळलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं ऑफिसला गेलात आणि तिच्या लेकाचा फोन आला. रडत होता. मीच त्याला म्हटलं, पोरांना मी सांगते, तू पुन्हा फोन करू नकोस."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याच बोलत राहिल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं सांगत होत्या. "सांगितलं असतं तर तुम्हालाही सुतक. मग कोणीच कुठे गेलं नसतं. ही किती दिवस राबत होती, मी बघत नव्हते का? म्हटलं, यांना कळलं नाही तर यांना लागत नाही. माझं मी पाळते. बाहेर बसायचे ना, तेव्हा त्या देवांना तेच सांगत होते. म्हटलं, माझी पोरं आत आलीयत, त्यांना माहीत नाही हो काही, त्यांना दोष लावू नका. तीस वर्षं त्या देवांची नावं मुलांकडून पाठ करून घेतली मी. तिथे एकाचंही आठवलं नाही मला."

मशीनचं पाणी बदललं.  मी नवऱ्याकडे बघत होते. गप्प राहा, असं मी डोळ्यांनी सांगत होते. आता खरं सांगून कोणाचं भलं होणार होतं? पण तो त्या घरात वाढलेला. त्याची आई साडेदहाला शाळेत जायची आणि संध्याकाळी यायची. मधल्या वेळात त्याला न्हाऊ-माखू घालणारी, भरवणारी, तापात मांडीवर घेऊन बसणारी ती काकूच. हे मला माहीत होतं. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात त्यानेच सांगितलं होतं. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला "झालं ना बोलून?" विचारताना मला त्यातलं काहीही आठवलं नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "आम्हालाही गुरुवारीच कळलं होतं."

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

मला वाटलं, आता त्या सुतकाबद्दल बोलतील. माहीत असून आत गेलात, माझ्या शब्दाला खोटं पाडलंत, असं काहीतरी. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, की आई, तिथे देव नाहीच मुळी. माझं उत्तर नेहमी तयार असतं. पण त्या मुलाकडे बघत होत्या. तो रडत होता, चाळिशीला आलेला माणूस, चहाच्या कपावर वाकून. त्यांनी हात लांब करून त्याच्या केसांवरून फिरवला. "तुला भरवायची ती," म्हणाल्या. "माझ्या हातचं खायचा नाहीस तू. शाळेतून आले की मला म्हणायची, तुझं पोर जेवलंय हो, तू जेव आधी. आमटीत गूळ घालून ठेवलेला असायचा मेलीने." 

मी टेबलापाशी बसून होते.  थोड्या वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. त्यांना माहीत होतं ठरवणारं कोण ते. विचारलंही नाही.

"तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "रोज एका गाडीत बसत होतो आपण. मग आठ दिवस मला एकटीला का गं रडू दिलंस?"